'गिफ्ट' : भेट, विष की लग्न?

केतकी_ब्रेमेन

गेल्या महिन्यात आई पहिल्यांदाच आमच्याकडे जर्मनीला आली. आयुष्यभर शाळेत इंग्रजी शिकवलेली बाई, त्यामुळे दिसेल ती पाटी वाचते. दुसऱ्याच दिवशी माझ्याबरोबर इमारतीच्या तळघरात कपडे धुवायला आली आणि भिंतीवरचा कागद बघून म्हणाली, "अगं, इथं सगळ्यांसाठी काहीतरी भेट ठेवलीय वाटतं." कागदावर ठसठशीत अक्षरांत लिहिलं होतं 'गिफ्ट'. खाली कोपऱ्यात उंदरांच्या औषधाची काळी डबी होती. ती उचलायला वाकलेल्या आईचा हात मी अक्षरशः ओढला.

जर्मनमध्ये गिफ्ट म्हणजे विष. भाषेच्या वर्गात हे मी पहिल्या आठवड्यातच पाठ केलं आणि पुढे गेले. आई तशी सोडणारी नाही. रात्री जेवताना तिने विचारलं, "हे दोन वेगळे शब्द चुकून सारखे झालेत की मुळात एकच शब्द आहे? आणि एकच असेल, तर भेटीचं विष कधी झालं?" मला उत्तर देता आलं नाही. इथे भाषांमध्ये रमणारे बरेच जण आहेत, शिवाय युरोपभर पसरलेली आपली माणसं आहेत. तुमच्या देशात हा शब्द कसा वापरतात तेही लिहा. आई रोज विचारतेय.

उत्तरवारा

केतकी, आईंना स्वीडनला आणा. इथे आणखी एक धक्का बसेल. इथे 'गिफ्ट' म्हणजे विष आहेच, आणि विवाहितही! स्पेलिंग तेच, उच्चारही तोच, 'यिफ्त'. मी इथे आलो तेव्हा पहिल्याच फॉर्मवर दोन चौकोन होते, 'यिफ्त' आणि 'ओयिफ्त'. ओयिफ्त म्हणजे अविवाहित. लहान मुलाने काही भलतंच गिळलं तर ज्या केंद्राला फोन करायचा त्याच्या नावातही हाच शब्द आहे. डॅनिश आणि नॉर्वेजियनमध्येही दोन्ही अर्थ आहेत. डॅनिश लोक फक्त 'ग' चांगला कडक म्हणतात.

बंडूनाना

म्हणजे लग्न आणि विष एकच हे स्वीडिश लोकांनी सरकारी फॉर्मवर मान्य केलंय. निकाल लागला, धागा बंद करा :)

अवलिया_पुणे

+१ नाना. घरी दाखवू नका.

शब्दार्थी

छान प्रश्न विचारलाय केतकीच्या आईंनी. शब्द एकच आहे. 'देणे' या क्रियापदाचं ते नाम. इंग्रजी गिव्ह, जर्मन गेबेन, त्याचं नाम गिफ्ट, म्हणजे 'दिलेलं'. इतकंच. बाकी सगळे अर्थ काय दिलं, कुणाला दिलं यावरून आलेत.

आधी विष. जुन्या जर्मनमध्ये गिफ्टचा अर्थ देणगी असाच होता. पण ग्रीक वैद्यकात औषधाच्या एका वेळच्या भागाला 'दोसिस' म्हणत, शब्दशः 'देणं'. वैद्य रोग्याला जेवढं एकदा देतो तेवढं. तो शब्द लॅटिनमध्ये गेला आणि उत्तरकालीन लॅटिनमध्ये विष द्यायचं असेल तरी हाच सभ्य शब्द वापरू लागले. जर्मन भाषकांनी त्याचं सरळ भाषांतर केलं. दोसिस म्हणजे देणं, म्हणून गिफ्ट. आपण नाही का, 'तिला काहीतरी दिलं' एवढंच म्हणतो आणि ऐकणाऱ्याला काय दिलं ते कळतं? तसंच.

बराच काळ दोन्ही अर्थ शेजारी शेजारी नांदले. देणगीच्या अर्थाचा गिफ्ट स्त्रीलिंगी, विषाच्या अर्थाचा पुढे नपुंसकलिंगी स्थिरावला. देणगीचा अर्थ अठराव्या शतकापर्यंत तुरळक सापडतो, मग गळून गेला. एका जोडशब्दात मात्र तो आजही जिवंत आहे. 'मितगिफ्ट', सोबत दिलेलं, म्हणजे मुलीबरोबर सासरी जाणारं धन. आणि हा शब्द अजून स्त्रीलिंगीच आहे. जुन्या घराचा एक खांब राहावा तसा.

आता इंग्रजी. अँग्लो-सॅक्सन काळात हा शब्द होता, पण त्याचा अर्थ वाढदिवसाची भेट असा नव्हता. वधूसाठी दिलेलं मोल हा त्याचा अर्थ, आणि अनेकवचनात लग्न. उच्चारही आजच्या स्वीडिशसारखा 'य' ने सुरू होणारा. इंग्रजीतला आजचा कडक 'ग' आला तो व्हायकिंगांच्या बोलीतून. मला यातली सगळ्यात लोभस गोष्ट ही वाटते की ज्यांच्याकडून इंग्रजांनी हा 'ग' घेतला, त्यांच्याच स्वीडिश वंशजांनी पुढे तो मऊ करून 'य' केला.

केतकी_ब्रेमेन

शब्दार्थी काका, आईला मोठ्याने वाचून दाखवलं. मितगिफ्टच्या लिंगाचा मुद्दा ऐकून तिने चक्क वहीत लिहून घेतला.

रेवा

बंडूनाना, विनोद कळला, पण मला तो इथे खुपला. कारण विषाशी लग्नाचा काहीच संबंध नाही हे काकांच्या प्रतिसादातून दिसतंय. संबंध आहे तो 'देण्या'शी. स्वीडिशमध्ये बाई 'गिफ्ट' का? कारण ती 'दिलेली' आहे.

आणि हे आपल्याला परकं आहे का? माझी आजी सांगायची, "मला तेराव्या वर्षी वाईला दिली." 'माझं लग्न झालं' असं तिने कधी म्हटलेलं मी ऐकलं नाही. आजही गावाकडे सहज विचारतात, धाकटी कुठं दिली? साताऱ्याला दिलीय. कन्यादान हा शब्द तर आपण पत्रिकांवर छापतो. हजारो मैल लांबच्या भाषेत बाईच्या लग्नाला नेमकं तेच क्रियापद सापडावं, हे वाचून माझ्या अंगावर काटा आला. त्यावर हसता येईना.

बंडूनाना

रेवाताई, पटलं. आमच्या आत्यालाही 'नगरला दिली' असंच म्हणतात. या अंगाने विचारच केला नव्हता.

उत्तरवारा

रेवा, तुमच्या प्रतिसादानंतर इथल्या आइसलँडच्या सहकाऱ्याशी बोललो. आइसलँडिक भाषा जुन्या नॉर्सच्या, म्हणजे व्हायकिंगांच्या भाषेच्या, सगळ्यात जवळ राहिलीय. तिच्यात विवाहित पुरुषासाठी वेगळा शब्द आहे, 'क्वैन्तुर', म्हणजे बायको केलेला. इंग्रजी क्वीन शब्दाच्या कुळातला. आणि बाई ती 'गिफ्त', दिलेली. आता तिथे पुरुषालाही 'गिफ्तुर' म्हणतात, पण मूळ वाटणी अशी होती.

आपल्याकडे बघा. मुलगी 'देतात' आणि मुलगी 'करतात'. "पाटलांनी कोल्हापूरची मुलगी केली." अगदी तीच वाटणी. स्वीडिशमध्ये आता दोघंही एकमेकांशी 'गिफ्ट' असतात, कुणी कुणाला दिलंय हे बोलणाऱ्याच्या मनातही येत नाही.

आइसलँडिकमध्ये विषासाठी मात्र गिफ्त नाही, तिथे 'एतुर' आहे. आणि 'गिफ्ता' म्हणजे भाग्य. नशिबाने दिलेलं.

टुलिप

नेदरलँड्समधून हजेरी. डचांनी हा घोळ स्वतःच सोडवून टाकलाय. देणगी ती 'खिफ्त' आणि विष ते 'खिफ', शेवटचा त गळलेला. वर्षाच्या कर विवरणात 'खिफ्तेन'चा रकाना असतो, तिथे दिलेल्या देणग्या दाखवून वजावट मागता येते. पण 'विषारी'ला मात्र 'खिफ्तिख', म्हणजे हरवलेला त परत हजर!

याहून मला आवडलेला शब्द म्हणजे 'फरखेवेन'. रोजच्या वापरात अर्थ क्षमा करणे. जुन्या वापरात याच क्रियापदाचा अर्थ विष घालणे असाही होता. इंग्रजी फरगिव्हचा सख्खा भाऊ. माफी देणं आणि विष देणं एका क्रियापदात.

पाणिनीप्रेमी

एवढं ग्रीक-लॅटिन फिरण्यापेक्षा सरळ सांगा की हे सगळं संस्कृतातून गेलेलं आहे. दोसिस म्हणजे 'दा' धातू. ददाति, दान, दत्त. बाकी चर्चा कशाला?

शब्दार्थी

पाणिनीप्रेमी, दोसिसच्या मुळाशी 'दा' आहे हे तुम्ही अगदी बरोबर पकडलंत, आणि मी ते आधीच लिहायला हवं होतं. ग्रीक 'दिदोमि' आणि आपलं 'ददामि' शेजारी ठेवले की वेगळं सांगावं लागत नाही. पण ते संस्कृतातून ग्रीकमध्ये गेलं असं नाही. दोन्ही भाषा एका जुन्या आईच्या मुली आहेत. संस्कृत ही ग्रीकची मावशीही नाही, बहीण आहे. बहिणीच्या घरचा दागिना सारखा दिसला म्हणून तो आपल्याकडून गेला असं होत नाही, आईकडून दोघींना मिळालेला असतो.

मराठी देणे, दान, दाता, रशियन 'दात्' (देणे), लॅटिन 'दारे', सगळे त्या घरातले. अँटिडोट, म्हणजे विषावरचा उतारा, हाही त्यातलाच. अँटी म्हणजे विरुद्ध आणि डोट म्हणजे दत्त. 'प्रतिदत्त' म्हणा ना!

गिफ्टचं घराणं मात्र वेगळं. गिव्ह, गेबेन यांचं मूळ 'दा' नाही. त्या धातूशी लॅटिन 'हाबेरे' (जवळ असणे) जोडतात, आणि काही अभ्यासक संस्कृतातला 'गभस्ति' (हात) हाही. म्हणजे मुळात हाताने देण्याघेण्याची क्रिया असावी. आणखी एक गंमत. 'हाबेरे' आणि इंग्रजी 'हॅव' अर्थाने, आवाजाने जुळे वाटतात, पण त्यांचं नातंच नाही. हॅवचं खरं नातं लॅटिन 'कापेरे'शी, म्हणजे पकडणे. नुसतं कानावर विसंबलं की फसायला होतं ते असं.

पाणिनीप्रेमी

प्रतिदत्त! वा. बहिणीचा मुद्दा मान्य. गभस्ति म्हणजे किरण एवढंच ठाऊक होतं, हात हा अर्थ आज कळला.

खलबत्ता

औषधांच्या दुकानात तीस वर्षं उभा आहे, त्यामुळे दोसिस वाचून राहवेना.

पॅरासेल्सस नावाचा स्विस वैद्य होता. पाऱ्यासारखी खनिजं औषध म्हणून द्यायचा. विरोधक म्हणाले, हा लोकांना विष घालतो. १५३८ साली त्याने जर्मनमध्ये बचाव लिहिला. त्यातलं वाक्य औषधशास्त्राच्या प्रत्येक विद्यार्थ्याला शिकवतात. आशय असा : सगळ्याच वस्तू विष आहेत, विषावाचून काहीच नाही, एखादी वस्तू विष ठरत नाही ती केवळ मात्रेमुळे. मूळ जर्मन वाक्यात विषासाठी शब्द आहे 'गिफ्ट' आणि मात्रेसाठी 'डोसिस'. वर काकांनी लिहिलंय तसं गिफ्ट हे दोसिसचंच भाषांतर! म्हणजे ज्या दोन शब्दांना त्याने आमनेसामने उभं केलं ते मुळात एकच. हे वाक्य कॉलेजपासून पाठ आहे आणि ही गोष्ट आज कळतेय.

आपली 'मात्रा' पण बघा. मूळ अर्थ माप. मग ठरावीक मापात द्यायचं औषध. मग ते औषधच 'मात्रा' झालं. माणूस जायच्या बेतात असला की वैद्याला निरोप जायचा, हेमगर्भाची मात्रा घेऊन या. आणि त्यातून 'त्याच्यापुढे कुणाची मात्रा चालत नाही' हे आलं. जर्मनमध्ये माप विषाकडे झुकलं, मराठीत औषधाकडे. हेमगर्भही चुकीच्या मापात दिला तर काय होईल ते मात्र विचारू नका, त्यात शोधलेला पारा पडतो.

ताल्लिनकर

एस्टोनियात जर्मन गिफ्टचं 'किह्व्त' झालंय. अर्थ विष. आणि पोरांच्या बोलीत 'एकदम भारी'!

अवलिया_पुणे

@ताल्लिनकर, म्हणजे आपलं 'जहरी'! "काय जहरी बॅटिंग केली राव." कुठली बाल्टिकची पोरं आणि कुठली आमच्या गल्लीतली.

माड_आणि_माशे

गोव्यातून थोडं अवांतर, पण विषय सोडून नाही.

मितगिफ्टवरून आठवलं. आमच्याकडे ख्रिस्ती कुटुंबांत कोकणीत हुंड्याला 'दोत' म्हणतात. पोर्तुगीज 'दोत' वरून, तो लॅटिन 'दोस'वरून, आणि तो पुन्हा 'दा' धातूचा. म्हणजे दान हा शब्द संस्कृताच्या वाटेने आमच्याकडे आलेलाच होता, आणि त्याचा भाऊ लिस्बनहून जहाजात बसून आला. दोघं गोव्याच्या एकाच लग्नमांडवात भेटले. इटालियनमध्ये याच शब्दाला 'दोते' म्हणतात, आणि तिथे त्याचे दोन अर्थ आहेत : हुंडा आणि अंगचा गुण. इंग्रजीत गुणी मुलाला 'गिफ्टेड' म्हणतात तसंच.

आता जहर. फारसीत विषावरचा उतारा तो 'पादजहर'. रानबोकडासारख्या जनावरांच्या पोटात केसांभोवती, काड्यांभोवती थर साचून खडा बनतो, तो विष उतरवतो अशी समजूत होती. पादजहरचं युरोपात 'बेझोअर' झालं. गार्सिया द ओर्ता या पोर्तुगीज वैद्याने १५६३ साली गोव्यात छापलेल्या ग्रंथात या खड्यावर लिहिलंय. पुढे मागणी एवढी वाढली की सतराव्या शतकात गोव्यातले जेझुइट पंथाचे पाद्री नकली खडे घडवू लागले. वाटलेली शिंपलं, अंबर, कस्तुरी, रत्नांची भुकटी असं काहीबाही मळून गोळा करायचे आणि वर सोन्याचा वर्ख. युरोपातले धनिक तो सोन्याच्या जाळीदार डबीत ठेवत आणि थोडा किसून पेयात घालून पीत. त्याचं तिथलं नावच 'गोवा स्टोन'. जगातल्या मोठ्या संग्रहालयांत आजही बघायला मिळतात.

रेवा

माडकाका, दोन्ही 'द' मांडवात भेटले हे काय सुंदर लिहिलंय.

चिंच_गूळ

मला एक कोडं आहे. इंग्रजीतल्या पॉयझनला देण्याशी देणंघेणं नाही ना?

शब्दार्थी

नाही, ते पिण्याचं. लॅटिन 'पोतिओ' म्हणजे पेय. फ्रेंचमधून तेच पॉयझन होऊन आलं, नंतर विद्वानांनी पुन्हा लॅटिनमधून पोशन म्हणून आणलं. एकच शब्द दोनदा. मूळ धातू आपला 'पा', पिबति, पिणे. 'पानीय'वरून आलेलं पाणीसुद्धा त्यातलंच. व्हेनम हे लॅटिन 'वेनेनुम'वरून, आणि ते व्हीनस देवीच्या नावाच्या कुळातलं : आधी वशीकरणाचा काढा, मग औषध, मग विष. सरळ विषच असलेला जुना शब्द एकच दिसतो. संस्कृत 'विष', लॅटिन 'विरुस', ग्रीक 'इओस'. त्या विरुसचा व्हायरस २०२० मध्ये घरोघरी पोचला. बाकी सगळी विषं कुणाच्या तरी हातून दिलेली किंवा पाजलेली आहेत.

मावळती

आमच्या मावळात म्हातारी माणसं अजून 'इख' म्हणतात. "इख खाऊन मरंन पण तिथं जायची न्हाई." ते विषाचंच रूप ना?

शब्दार्थी

हो, विष-विख-इख. 'ष'चा 'ख' झाला. लॅटिन विरुसची मावळातली बहीण.

उत्तरवारा

मूळ प्रश्नाकडे येतो. स्वीडिशमध्ये भेटीला 'गोवा' (ते राज्य नव्हे, माडकाका) आणि 'प्रेसेंट' असे वेगळे शब्द आहेत. म्हणून मी समजत होतो की गिफ्टचा देण्याचा अर्थ इथे मेला. पण काल बँकेचा कागद वाचताना दिसलं की तो सगळीकडे आहे! 'आवयिफ्त' म्हणजे शुल्क, 'ऊतयिफ्त' म्हणजे खर्च, 'उप्पयिफ्त' म्हणजे काम किंवा माहिती. दिवसभर हा शब्द देणं म्हणूनच वापरतो, फक्त मागे शेपूट म्हणून लागलेला. एकटा उभा राहिला की लग्न नाहीतर विष.

खलबत्ता

आणखी एक राहिलं. तो ग्रीक दोसिस इंग्रजीवरून आपल्याकडेही आलाय की. पोलिओचा डोस, तापाचा डोस. आणि मराठीत त्याला एक अर्थ फुटलाय जो दुसऱ्या भाषेत मला दिसलेला नाही : "सकाळीच बाबांनी डोस पाजला." उपदेशाचा! जर्मनांनी दोसिसचं विष केलं, आपण प्रवचन केलं.

अवलिया_पुणे

आणि पाजायलाही 'पा' धातूच लागला. काकांचे दोन्ही शब्द एका वाक्यात.

केतकी_ब्रेमेन

सगळ्यांचे मनापासून आभार. आई परवा परत निघाली, जाण्यापूर्वी सगळा धागा दोनदा वाचला. तिची वही भरली. शेवटच्या संध्याकाळी तिने विचारलं, "मग हे लोक भेटीला म्हणतात तरी काय?" मी म्हटलं, गेशेंक. ती म्हणाली, मग त्याचंही मूळ बघ.

बघितलं. गेशेंक आलाय 'शेंकेन'वरून, आणि शेंकेनचा जुना अर्थ पेय ओतून देणे. पाहुण्याच्या पेल्यात ओतलेलं ते गेशेंक. अजूनही जर्मनमध्ये गुत्त्याला 'शेंके' म्हणतात.

आईने चहाचा कप खाली ठेवला आणि बोटं मोजत म्हणाली, "थांब. इंग्रजांची भेट देण्यातून आली आणि विष पिण्यातून. जर्मनांचं विष देण्यातून आलं आणि भेट पिण्यातून?"

हो, अगदी तसंच आहे. शब्दार्थी काका, तिने हे तुम्हाला मुद्दाम कळवायला सांगितलंय.